बजरंगचं कडवं

शेळी बजरंगनं चोरलीच नव्हती, त्याला ताबडतोब सोडा, असा आदेश सोमवारी सुधारगृहात पोचला. पण तो आलाच नाही असं समजून आपण पुढं जाऊ. अधीक्षकांनीही तेच केलं. शुक्रवारी पाहुण्यांसमोर संगीतोपचाराचा कार्यक्रम होता आणि ढोलकी बजरंगशिवाय कुणाला येत नव्हती.

उपचार सोपा होता. मुलांनी गोल बसायचं, एकेकानं आपला गुन्हा कडव्यात गायचा, बाकीच्यांनी टाळ्यांची साथ द्यायची. ज्याचं कडवं मनापासून, त्याचा अहवाल चांगला. अहवाल चांगला, तो घरी.

बजरंग रोज एकच ओळ गायचा, "म्या काय केलंच न्हाई."

"बाळा, हे कडवं नाही," उपचार घेणाऱ्या मधुवंती मॅडम मायेनं म्हणायच्या आणि वहीत फुली मारायच्या.

शनिवारी त्याची आई लंकाबाई टोळीबरोबर ऊसतोडीला कोपरगावकडं निघणार होती. ती गेली की सही करून त्याला ताब्यात घ्यायला सहा महिने कुणीच नव्हतं.

गुरुवारी त्यानं मोबाईलचोरीत आत आलेल्या गोरक्षनाथला गाठलं.

"गोऱ्या, गुन्हा कुठनं आणू रं?"

"माज्याकडं एक जास्तीचा हाय. सोनईची, हिरीवरची मोटार. आजून कुनाला घावला न्हाई."

"चालीत बसंल?"

"लई झ्याक बसतोय. तारीख बी देतो. मॅडमला बारीकसारीक लागतं."

शुक्रवारी बजरंग गायला. भर दुपार, विहीर, कापलेली लाल वायर, पोत्यात घातलेली मोटार. पाहुण्या बाई रडल्या. मॅडम तर हुंदके देत होत्या. सगळ्यात मोठ्या टाळ्या गोरक्षनाथच्या.

मॅडमनी वहीत लिहिलं, 'संपूर्ण पश्चात्ताप.' अधीक्षकांनी तारखेवर अंगठा ठेवून आदेश पुढं केला. "अभिनंदन. तू निर्दोष आहेस."

बजरंगनं ऑफिसातून फोन लावला. "आये, उद्याचा टेम्पो थांबीव. आलोच म्या!"

पाहुण्यांतले एक फौजदार मागं येऊन उभे राहिले होते.

"आवाज गोड आहे रे तुझा," ते म्हणाले. "मोटारीचं कळलं. आता राखणदाराचं कडवं म्हण."

"कंचा राखनदार, साहेब?"

"त्याच दुपारी त्याच विहिरीत तरंगत होता तो."

संध्याकाळी अधीक्षकांच्या टेबलावर एक अर्ज आला: 'सबब, अर्जदाराने आज गायलेले कडवे न गायलेले समजण्यात यावे, ही नम्र विनंती.'