कापसाचा धडा

मोताळ्याहून शिक्षण खात्याचे साहेब आमच्या शाळेतलं नवं शैक्षणिक अ‍ॅप बघायला आले. मी टॅबवर कापसाचा धडा लावला. पडद्यावर हिरवं बोंड फुटलं आणि पांढराशुभ्र कापूस बाहेर आला. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. "बघा मुलांनो, वावरात पाय न ठेवता शेती शिकायची!" पाचवीतली काजल उठली. "सायब, आमच्या बोंडातून असा नाही निघत," म्हणत तिनं दप्तरातलं बोंड टॅबवरच उकललं. आतला कापूस सडला होता. गुलाबी बोंडअळी वळवळत पडद्यावरच्या कापसावर चढली. "शी! मॅडम, उचला ही घाण! मला फोटो अपलोड करायचाय." मी हलले नाही. त्यांनीच पेनानं अळी पाडली, बुटानं चिरडली आणि बूट मुलांच्या सतरंजीला पुसला. काजलचा चेहरा उजळला. "सायब, आमच्या वावरात अजून लय हायेत. माराले येता काय?"