एक्सची पदं लाल, आकडे हिरवे

"हिरवे म्हटलं ना रे," देवकीबाई म्हणाल्या. "चटणीला पाहिजेत."

पिशवीत लालभडक टोमॅटो पडले होते. भगीरथ ओशाळला. मुरबाडच्या एसटी स्टँडसमोर तो भाजी घेऊन बसायचा. वीस वर्षांपूर्वी बाईंच्याच वर्गात होता. दहावीला गणितात नापास झाला, तो पुन्हा शाळेकडे फिरकला नाही.

"राही नसली का असंच होतं बाई. बायको हाय म्हणून धंदा चालतो. मला दोनी रंग सारखेच दिसतात." त्याने पिशवी रिकामी केली, एकेक टोमॅटो बोटांनी दाबून पाहिला आणि कडक लागले तेवढे पिशवीत टाकले.

शहापूरची गाडी यायला वेळ होता. बाई शेजारच्या ओट्यावर टेकल्या, लॅपटॉप उघडला. निवृत्तीनंतर त्यांनी समीकरणांची पुस्तिका करायला घेतली होती. छापायची गणितं पानावर मांडायचं सॉफ्टवेअर वयाची साठी उलटल्यावर शिकल्या. एक्सची पदं लाल, नुसते आकडे हिरवे. लाल डावीकडे न्यायचे, हिरवे उजवीकडे. फळ्यावर रंगीत खडूंनी तीस वर्षं त्यांनी हेच शिकवलं होतं.

पडद्यावर नजर गेली आणि बाईंचा हात थांबला. त्यांनी लॅपटॉप भगीरथकडे वळवला.

"यात लाल कोणतं?"

त्याने निरखून पाहिलं. "सगळं एकाच रंगाचं हाय ना?"

'लाल उचल, लाल,' वर्गात बाई फळ्यापाशी ओरडायच्या. तो अंदाजाने कशावर तरी बोट ठेवायचा. वर्ग हसायचा. लक्ष नाही म्हणून त्याला कितीदा दाराबाहेर उभं केलं, याची त्यांनी कधी मोजदाद ठेवली नव्हती.

"तेव्हा बोलला का नाहीस?"

"मला वाटायचं, सगळ्यांनाच असं दिसतं. तरी त्यांना जमतं, मलाच नाय जमत."

रंग ठरवणारी ओळ फाइलच्या अगदी वर होती. बाईंनी तिथला हिरवा पुसून निळा लिहिला. पन्नासच्या पन्नास पानं क्षणात बदलली.

भगीरथ हात पँटला पुसून जवळ आला. वाकून बघत राहिला. ओठ हलत होते. "हे इकडं आणलं, हे तिकडं गेलं... तीन एक्स बरोबर बारा." मग दबक्या आवाजात, "चार. चार ना बाई?"

"चार."

एक गिऱ्हाईक मेथीचा भाव विचारून निघून गेलं. भगीरथचं लक्ष नव्हतं.

"बाई, तुमच्या डब्यात तेव्हा निळा खडू व्हता का?"

देवकीबाईंनी लॅपटॉप मिटला.

"होता," त्या म्हणाल्या. "भूगोलाला ठेवलेला. नद्या काढायला."