रोज एक वाक्य

बंगळुरूत शंतनू सर्जापूर रोडच्या फ्लॅटमध्ये, त्याची आई सुनंदाबाई के. आर. पुरमच्या घरी. आईला सांभाळणाऱ्या हेमावतीला इंग्रजी शिकायचं होतं आणि शंतनूला शिकवायची भारी हौस. रोज सकाळी तो तिला व्हॉट्सअ‍ॅपवर एक फ्रेजल व्हर्ब, म्हणजे दोन शब्दांचं जोडक्रियापद, अर्थासकट पाठवायचा. संध्याकाळपर्यंत तिनं त्याचं वाक्य करायचं.

'थ्रो अप' म्हणजे उलटी होणे.
"अम्मा थ्रोज अप एव्हरीथिंग, सर."
"व्हेरी गुड!"

'आस्क फॉर' म्हणजे कुणाला तरी भेटायचंय असं सांगणे.
"अम्मा आस्क्स फॉर यू डेली, सर."
"एक्सलंट! पण 'एव्हरी डे' म्हण, जास्त छान वाटतं."

ही वाक्यं तो ऑफिसात कौतुकानं सगळ्यांना दाखवायचा.

शुक्रवारी त्यानं 'गेट अप' पाठवलं, म्हणजे उठणे. दुपारी तो मीटिंगमध्ये असताना हेमावतीचा फोन आला. त्यानं तो कट केला. मागोमाग तिचा मेसेज आला.

"सर, अम्मा नॉट गेटिंग अप. अम्मा पास्ड अवे."

टेबलाखाली मोबाईल धरून शंतनूनं आधी टाळ्यांची इमोजी टाकली, मग लिहिलं,


"अरे वा! 'पास अवे' तर मी शिकवलंही नव्हतं!"