दार उघडं ठेव

"मला तुझ्यासारखं गाता येणार नाही," गॉर्डन म्हणाला. "अजून विचार कर. आपण नुसतं वाजवू."

क्लबच्या रंगमंचामागे नेव्ह स्टॅथर खुर्चीवर बसून गिटार जुळवत होता. वर्षापूर्वी डॉक्टरांनी कॅन्सरबरोबर त्याचं स्वरयंत्रही काढून टाकलं. तेव्हापासून गळ्याला रुमाल आणि खिशात मुठीएवढं यंत्र. बोलायचं झालं की ते गळ्याला टेकवायचं. मग लिफ्टमध्ये मजले सांगणाऱ्या बाईसारखा सपाट आवाज यायचा.

त्याने ते टेकवलं. "वाजवू. आणि तू गाशील."

"लोक मारतील मला."

"दोघं-तिघं मारतील. बाकीचे म्हातारे झालेत."

गॉर्डनला हसू आलं.

इंग्लंडमधल्या हल बंदरातल्या मच्छीमारांच्या या क्लबात दोघांनी पोरवयात पहिल्यांदा वाजवलं होतं. पुढे नेव्हच्या आवाजाने जग पालथं घातलं. खडीवरून नांगर ओढावा तसा तो आवाज. गॉर्डन शेजारी उभा राहून बास वाजवायचा आणि धृपदापुरता ओरडायचा. मोठमोठी मैदानं भरली, तरी दरवर्षी एका रविवारी दुपारी नेव्ह इथे वाजवायला यायचाच. लंडनला राहायला गेला नाही. "तिथं मासे शिळे मिळतात," म्हणायचा.

'दार उघडं ठेव' हे त्याचं सगळ्यात गाजलेलं गाणं. फुटबॉलच्या सामन्यात, लग्नात, कुठेही लोक त्याचं धृपद कोकलायचे. पिऊन आलेला नवरा बायकोला गळ घालतोय, असं सगळे धरून चालले होते. मधल्या ओळी नेव्हच्या गर्जनेत कुणाला कळल्याच नव्हत्या, आणि रेकॉर्डच्या पाकिटावर त्याने त्या कधी छापू दिल्या नाहीत. गॉर्डनलासुद्धा त्या याच आठवड्यात कळल्या. नेव्हच्या स्वयंपाकघरात, यंत्रातून, एकेक ओळ. त्यानंतर गॉर्डन बराच वेळ गार झालेला चहा ढवळत बसला होता.

"इतकी वर्षं लपवलंस," तो आता म्हणाला, "आणि गायचं ते यांच्यापुढं? अरे, पुढच्याच टेबलाशी आयव्हीमावशी बसलीय."

"म्हणूनच," यंत्र म्हणालं. नेव्ह उठला, गिटारचा पट्टा खांद्यावर घेतला आणि पुन्हा यंत्र टेकवलं. "ओरडू नकोस. सांग."

तो दिसताच सगळा हॉल उभा राहिला. टेबलांवरच्या तळलेल्या बटाट्याच्या पॅट्या तशाच राहिल्या. नेव्हने दोन्ही हात जोरात हलवून सगळ्यांना खाली बसवलं. गॉर्डन मधल्या माइकपाशी गेला तसा बारपाशी उभा असलेला एक दांडगा गडी ओरडला, "काय रे गॉर्डन, वाट चुकलास काय?"

हशा झाला. नेव्हने सुरुवात केली. सहा तारांतून तोच जुना गडगडाट. गॉर्डनने छाती भरून घेतली आणि पहिली ओळ नेव्हसारखी फेकायला गेला. आवाज मधेच फाटला. कुणीतरी खुदकन हसलं. नेव्ह थांबला नाही. गॉर्डनकडे बघत त्याने सुरुवात फक्त पुन्हा एकदा फिरवली, या वेळी हलक्या हाताने.

मग गॉर्डनने डोळे मिटले आणि आपल्या बारक्या, साध्या आवाजात सांगायला लागला.

बाबा बोटीवर निघाला त्या दिवशी आईने एकही कपडा धुतला नाही, बाबाही लाटेबरोबर धुऊन जाऊ नये म्हणून. तरी बोट आली नाही. सोमवारची भरती गेली, मंगळवारची गेली. त्याचे रविवारचे बूट दारामागे होते. दर शनिवारी आई त्यांना पॉलिश करायची. पोराचे पाय वाढत वाढत त्या बुटांएवढे झाले, पण तिने ते त्याला घालू दिले नाहीत. दार उघडं ठेव, म्हणायची, त्यानं किल्ली नेलेली नाही.

धृपद आलं. कुणी कोकललं नाही. बारपाशी तो दांडगा गडी ग्लास हातात घेऊन नुसताच उभा होता. आइसलंडच्या बाजूला बुडालेल्या 'लेडी मार्था' बोटीवर कोणाकोणाचं माणूस होतं, हे त्या हॉलमध्ये कुणाला सांगायची गरज नव्हती. नेव्हचा बाप होता. आयव्हीचा नवरा होता, लग्नाला वर्षही झालं नव्हतं, मूल पोटात होतं.

गाणं संपलं. टाळ्या वाजल्या नाहीत. गॉर्डनला वाटलं, आपण घात केला.

आयव्ही काठी टेकत उठली. मधली माणसं खुर्च्या सरकवत तिला वाट देत गेली. ती रंगमंचाच्या कडेपाशी येऊन उभी राहिली.

"नेव्हिल," ती म्हणाली. पुऱ्या नावाने हाक मारणारं त्याला आता एवढं एकच माणूस उरलं होतं. "मला बेवड्याचं गाणं वाटायचं रे. नातीच्या लग्नात नाचले मी त्यावर."

नेव्ह गुडघे दुखत असतानाही कडेला येऊन तिच्यासमोर खाली बसला. त्याचे डोळे भरून आले होते.

"आणि ते बूट? खरंच ठेवले होते तिनं?"

त्याने यंत्र टेकवलं. "ती जाईपर्यंत."

आयव्हीने हात पुढे करून त्याच्या गळ्यातला सुटलेला रुमाल नीट बांधला. लहान पोराचा बांधावा तसा.

"ह्यांचे माझ्याकडं अजून आहेत," ती म्हणाली. "उद्या घरी ये. तुला होतात का बघू."