रिकामी सुतळी

दुनळी बंदूक गौरम्माच्या माहेरची. तिचे वडील नळ्या सुट्या करून सुतळीला टांगत आणि अंगठीनं टिचकी मारत. घंटेसारखी वाजली तर नळी शाबूत, फुटक्या मडक्यासारखी वाजली तर गेली. शाबूत असली तरी काडतूस काळ्या दारूचंच घालायचं. बिनधुराच्या नव्या दारूचा जोर तिला सोसत नाही.

सकाळी गौरम्मानं नळ्या आढ्याच्या कडीला सुतळीनं टांगून वाजवल्या. छान घणघणल्या. तरी नवऱ्यानं, शरणप्पानं, नवीच काडतुसं खिशात भरली.

"काळी न्या की. नळ्या जुन्या हायत."

"तुज्या बापाच्या काडतुसानं लई धूर हुतोय. मंद्रूपची रानडुकरं काय धूर निवळंपतूर थांबत्यात व्हय?"

"मला रांडव करायची एवढी घाई हाय तुमाला?"

"तोंड आवर." शरणप्पाचा राग बंदुकीच्या आधी सुटायचा. त्यानं नळ्या जोडल्या नि तणतणत गेला.

दुपारी गौरम्मा भांडी आपटत होती. काळी काडतुसं फळीवर तशीच पडली होती. कडीला रिकामी सुतळी लोंबत होती.

तिच्या टोकाशी घंटेसारखं घणघणलं.

गौरम्मा थबकली. पुन्हा घणघणलं.

"गप," ती सुतळीवर खेकसली. तरी आवाज थांबेना, तेव्हा तिनं रागानं सुतळी मुठीत आवळली. वर कडी करकरली. खाली काहीच नसताना सुतळी ताठ झाली, जड झाली.

मग तिच्या मुठीखाली मडकं फुटल्यासारखा आवाज झाला.