खळखळीच्या अलीकडे

“पिस्टनची क्लिप नीट बसली का बघ. ती सुटली तर अख्ख्या इंजिनाचा भुगा होतो,” हेडली म्हणाला.

“बसली, बाबा. बोटानं दाबून बघितली.” क्लारने चिमटा खाली ठेवला.

शेडमधली शेगडी लाल झाली होती, तरी दाराखालून येणारा गारठा पोटऱ्यांना चावत होता. उत्तरेकडच्या लॅब्राडोर किनाऱ्यावरचा मार्च तो, त्याला दया ठाऊक नाही. बाकावर रुंद सिलिंडर, मोठे पिस्टन आणि मधेच फुगलेला नवा एक्झॉस्ट पाइप मांडला होता. मासळीच्या कारखान्यातली उन्हाळ्याची सगळी कमाई क्लारने त्यात घातली होती. बर्फावर पळणाऱ्या जुन्या स्नोमोबाईलचं आता फक्त नाव जुनं राहणार होतं.

“सिलिंडर मोठे झाले म्हणजे हिची भूक वाढली,” हेडली पाना फिरवत म्हणाला. “पण पेट्रोल आणि हवा म्हणजे नवराबायको. एकानंच हात पसरले की संसार बुडाला. पेट्रोल जास्त झालं तर इंजिन गुदमरतं.”

“आणि हवा जास्त झाली तर?”

“धापा टाकतं. जोर म्हणून धरत नाही.”

क्लारने मान डोलावली. पोरगं सव्वीस वर्षांचं झालं, तरी यंत्रातलं काही नवं ऐकलं की असंच मन लावून ऐकायचं.

उद्याची शर्यत गोठलेल्या नदीवरून होती. बंदरातून निघायचं, टेकाडाला वळसा घालायचा आणि पुढे खळखळी ओलांडायची. खळखळीला नदीची ओढ इतकी, की हाडं गोठवणाऱ्या थंडीतही तिथे बर्फ धरत नाही. काळं पाणी उघडंच राहतं. गाडी भन्नाट सुटलेली असेल तर चपट्या दगडासारखी पाण्यावरून निघून जाते. जराही अडखळली तर माणसासकट तळाला. थोरला मुलगा गार्लंड तसाच गेला होता. हेडलीने त्याला शर्यतीला मनाई केली, गाडी कुलपात ठेवली. गार्लंडने मित्राची मोडकी गाडी मागून आणली आणि पळवली.

म्हणून या खेपेला हेडलीने ‘नको’ हा शब्द तोंडातून काढला नव्हता.

दार उघडून एफी आली. हातात चहा आणि काकवी लावलेला पाव. तिने गाडीकडे पाहिलं आणि नवऱ्याकडे.

“एकाला गिळून भागलं नाही वाटतं त्या नदीचं? दुसऱ्याचं ताट तू स्वतः वाढतोयस!”

“आई, अगं...”

“तू गप्प बैस. दुकानात चार टवाळ म्हणाले, भावाची सर नाही तुला, की लगेच नाव देऊन आलास!”

चहा बाकावर आदळून ती गेली. क्लारने पाना पुसून पुन्हा उचलला. मग दोघांनी इंजिन जोडलं, तासभर तापवून निववून घेतलं. छान चाललं.

क्लार जेवायला आत गेला तेव्हा हेडलीने शेडचं दार ओढून घेतलं. त्याने पेट्रोल आणि हवा मिसळणारे कार्ब्युरेटर उघडले. त्यातल्या पितळी जेटमधून पेट्रोल इंजिनात जातं. ते जेट काढून त्याने त्याहून बऱ्याच मोठ्या भोकाचे बसवले. आता पेट्रोल बदाबदा येणार. टेकाडाच्या अलीकडेच गाडी काळा धूर ओकत गुदमरणार, चांगल्या जाड बर्फावर. पोरगा चिडेल, लोक हेडलीच्या हाताला नावं ठेवतील. ठेवोत बापडे. चाळीस वर्षं गावची यंत्रं दुरुस्त करून कमावलेलं नाव एका सकाळी गेलं तरी चालेल, पोरगा घरी जेवायला येईल. त्याने कार्ब्युरेटर पुन्हा बंद केले.

सकाळी तो म्हणाला, “इंजिन नवं आहे, उगाच तापवायला नको. ओढतच नेऊ.”

“हो, ओढतच नेऊ,” क्लारने लगेच दुजोरा दिला.

बंदरावर सगळं गाव लोटलं होतं. क्लारने आईला घट्ट मिठी मारली, हेल्मेट चढवलं आणि दोरी ओढली. पहिल्याच ओढीला इंजिन पेटलं. आवाज स्वच्छ होता. क्लारने चमकून खाली पाहिलं. हेडलीलाही नवल वाटलं. पण उभ्या गाडीचं काय खरं? जोर लावला की गुदमरेल.

निशाण पडलं. क्लारची गाडी उसळली आणि बघता बघता सगळ्यांच्या पुढे गेली. काळ्या धुराचा मागमूस नव्हता.

“हेडली! अरे, काय बांधलीस रे गाडी!” दुकानदार विन्सने त्याच्या पाठीवर थाप मारली. “हात सोन्यानं मढवायला हवेत तुझे!”

हेडलीने ऐकलं नाही. तो ओठ हलवत पुटपुटत होता, पड बंद, पड. दूर बर्फावर क्लारने एकदा मागे वळून पाहिलं. मागून सगळ्या गाड्या अंगावर येत होत्या, काठावर गाव त्याच्या नावाने ओरडत होतं. गाडी टेकाडामागे गेली. आवाज चढत राहिला, एका लयीत, कुठेही न तुटता.

हेडलीने बायकोचा हात पकडला. तो गरम होता, स्थिर होता.

“घाबरू नकोस, आता पडेल बंद,” एफी त्याच्या कानाशी हळूच म्हणाली. “क्लारनं पहाटे सांगितलं मला. म्हणाला, आई, मला जायचंच नाहीये, पण नाव मागे घ्यायला तोंड नाही. कार्ब्युरेटर इंजिनाला आवळणारे पट्टे सैल करून ठेवलेत, हवा घुसेल आणि गाडी टेकाडाआधीच धापा टाकेल. फक्त बाबांना सांगू नकोस, त्यांनी किती मन लावून बांधलीय.”

पेट्रोल आणि हवा, दोघांनीही सारखेच हात पसरले होते, हे हेडलीला कळलं.