भिंतीला टेकून

"कुठाय ओल?" चपला काढता काढताच दीनानाथ परचुऱ्यांनी विचारलं.

नम्रता ओवीला कडेवर घेऊन दारातून बाजूला झाली. नवऱ्याला, आनंदला, रजा मिळाली नव्हती, त्यामुळे घरमालकांशी आज तिलाच बोलायचं होतं. सकाळपासून मनात घोकलेली वाक्यं ऐन वेळी कुठल्या कुठे पळाली. "आतल्या खोलीत, काका. दिवाणाच्या मागे."

परचुरे आत गेले. मागून त्यांची बायको, मंदाकिनीबाई. गडद निळी सुती साडी, हातात कापडी पिशवी. करार नोंदवताना मशीनवर अंगठा द्यायला आल्या होत्या, तेव्हाही त्या "पाणी चालेल" यापलीकडे काही बोलल्या नव्हत्या. आजही बोलल्या नाहीत. दिवाणावर बसल्या, उशी बाजूला सारली आणि भिंतीला टेकल्या.

"काकू, तिथे नका..."

मंदाकिनीबाईंनी तिच्याकडे पाहिलं. गप्प राहा, अशी मान किंचित हलवली आणि आणखी रेलून बसल्या.

परचुऱ्यांनी हात उंच करून भिंतीवरून तळवा फिरवला आणि तो उलटा करून दाखवला. "ठणठणीत कोरडी. पंधरा दिवस झाले वॉटरप्रूफ रंग देऊन."

"वर नाही काका, खाली. वरच्यांच्या बाथरूमचं पाणी उतरतंय. तो पाइप कुणी बघितलाच नाही, नुसता रंग दिला. ओवीला किती दिवस झाले, खोकला सोडत नाहीये. डॉक्टर म्हणाले, औषध देतो, पण आधी ही जागा बदला."

"लहान मुलं खोकतातच. आमचा सलिल पाच वर्षं खोकत होता. आता जर्मनीत आहे."

नम्रतानं टेबलावरचा कागद उचलला. "करारातच आहे, काका. गळती मालकांनी दुरुस्त करायची. लेखी कळवूनही केली नाही, तर मुदतीआधी महिन्याची नोटीस देऊन घर सोडता येतं. आम्ही दोनदा कळवलं. ही नोटीस. यावर 'मान्य' म्हणून सही हवीय."

"करार मीच करून घेतलाय. तो मला वाचून दाखवू नका." परचुरे शांतपणे म्हणाले. "गळती असेल तर सोडता येतं. इथे गळती कुठाय? ओले कपडे घरात वाळत घालायचे आणि भिंतीच्या नावानं ओरडायचं. तुम्हा यवतमाळकडच्यांना उन्हाची सवय. पुण्यात जरा गारवा असतो, त्याला ओल म्हणत नाहीत. मुदतीआधी जायचं तर खुशाल जा, डिपॉझिट विसरा."

ते डिपॉझिट हातात आल्याशिवाय दुसरं घर घेता येणार नव्हतं. तोवर ओवी याच खोलीत झोपणार होती. नम्रताच्या हाताखाली ओवीची छाती घुरघुरली.

तिची नजर राहून राहून मंदाकिनीबाईंकडे जात होती. त्या भिंतीचा गारठा तिला ठाऊक होता. आधी बरं वाटतं, मग तो कापडातून आत शिरतो, मग हाडात. ती स्वतः तिथे फार वेळ टेकू शकत नसे. काकू मात्र मांडीवर पिशवी घेऊन, कीर्तनाला बसावं तशा बसल्या होत्या. मधेच एकदा त्यांच्या खांद्यांवरून शहारा गेला. पाठ भिंतीपासून सुटली नाही.

"चला," परचुरे म्हणाले. "संपली चर्चा."

मंदाकिनीबाई उठल्या आणि नवऱ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

"अहो, जरा पाठ बघता का माझी? गार लागतंय."

खांद्यापासून कमरेपर्यंत निळी साडी भिजून काळी पडली होती. तिच्यावर भिंतीचा मोतिया रंग पापुद्र्यांसकट उतरला होता. आणि भिंतीवर तेवढीच जागा उघडी पडली होती, बाईच्या पाठीएवढी.



"तुला कुणी टेकायला सांगितलं होतं?" परचुरे म्हणाले.

"एवढंसं पोर रोज टेकतं. म्हटलं, आपण बघावं एकदा." त्यांनी हात पुढे केला. "आण गं तो कागद."

"अगं, तू कशाला?"

"बाईच्या नावावर घेतलं की सरकार सवलत देतं, म्हणून घर माझ्या नावावर तुम्हीच केलंत. मग सही बाईचीच लागणार ना!"

त्यांनी पिशवीतून पेन काढलं. नोटिशीखाली, शाळेत फळ्यावर काढतात तशा गोल अक्षरात लिहिलं : मान्य. घर रिकामं होईल त्या दिवशी डिपॉझिट परत देऊ. खाली पूर्ण नाव. घाई न करता.

परचुरे जिना उतरू लागले. नम्रता आतून आपली ओढणी घेऊन दारापर्यंत धावली. "काकू, ही घ्या अंगावर. मागून सगळं दिसतंय."

"दिसू दे की." मंदाकिनीबाईंनी ओवीच्या गालाला बोट लावलं. "सदाशिव पेठेपर्यंत ह्यांच्या मागेच बसायचंय मला."

नम्रता गॅलरीत येऊन उभी राहिली. खाली स्कूटर फाटकातून बाहेर पडली. हेल्मेट घातलेले परचुरे नाकासमोर बघत चालवत होते. मागे मंदाकिनीबाई एका बाजूला पाय सोडून, भर रहदारीकडे पाठ करून बसल्या होत्या. पदर कमरेला खोचलेला, पाठ ताठ.

नम्रतानं ओवीचं तोंड रस्त्याकडे वळवलं.

"ती बघ," ती म्हणाली. "ती बघ, आजी."

वारज्याच्या त्या गर्दीतही वळणापर्यंत तो मोतिया डाग दिसत राहिला.